पाडव्याआधी वन आरके आवरायचंय, बॉक्स बेड करू का?

खिडकीतली_तुळस:
नमस्कार मंडळी, डोंबिवलीत आमचं वन आरके आहे, कार्पेट साधारण ३०० फूट. आम्ही दोघं, सासूबाई आणि चौथीतली लेक. गुढीपाडव्याच्या आत घर जरा नीट लावावं अशी फार इच्छा आहे. सामान म्हणाल तर दिवाण, लोखंडी कपाट, टीव्ही युनिट, शिलाई मशीन, सासूबाईंचं पितळी घंगाळ आणि माळ्यावर काय काय आहे ते देव जाणे. अहो म्हणतायत एकदाच काय तो खर्च करू, हायड्रॉलिक बॉक्स बेड आणि दहा फुटी भिंतीला पूर्ण वॉर्डरोब. मला वाटतं मग खोलीत उरणार काय? आणि नुसतं आवरलेलं नाही, घरात आल्यावर छान वाटलं पाहिजे. सुचवा प्लीज.

नायगावची_मावशी:
अगं आम्ही बीडीडी चाळीत १६० फुटात संसार केलाय, तुझे ३०० म्हणजे मैदानच की. आधी सुताराला बोलवू नकोस, आधी माळा खाली उतरव. सगळा. एका रविवारी जमिनीवर पसरा आणि सासूबाईंना मध्ये बसव, त्यांच्या पाठीमागे काही टाकू नकोस नाहीतर वर्षभर ऐकशील. कपडे बोहारणीला, रद्दी नि लोखंड भंगारवाल्याला. आणि एक लक्षात ठेव, पाडवा झाला की लगेच वर्षाचे गहू-तांदूळ, मसाला, पापड कुरडया येणार. त्या कोठ्यांची जागा आता ठरवली नाहीस तर मे महिन्यात सगळं पुन्हा दिवाणाखाली. पाडव्यापर्यंत कडुनिंबाला कोवळा पाला येतोच, थोडा जास्त आण आणि सावलीत वाळवून गव्हात घाल.

रंधा_आणि_पटाशी (पुणे):
ताई, मी फर्निचरचंच काम करतो म्हणून हिशोब सांगतो. वॉर्डरोब दोन फूट खोल लागतो, दहा फुटी भिंत म्हणजे २० चौरस फूट तिथेच गेले, वर दारं उघडायला समोर दीड-दोन फूट मोकळे हवेत. स्लायडिंग केलं तर समोरची जागा वाचते, पण कपाट तीन-चार इंच जास्त खोल करावं लागतं. त्यापेक्षा पाच फूट रुंद करा पण सिलिंगपर्यंत न्या, वरच्या कप्प्यात गणपतीचं सामान. ती भिंत पश्चिमेची, बाहेरची असेल तर तिथे फिक्स करूच नका, पावसात ओल धरते आणि मागून बुरशी. कपाट ठेवायचंच तर दोन इंच सोडून. प्लाय घेताना ओट्याखाली बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, आयएस ७१० छापलेला बघून घ्या, खोलीत आयएस ३०३ चालतो.
बॉक्स बेडचं म्हणाल तर दुपारी सासूबाई त्यावर आडव्या झाल्या की आतलं काही निघत नाही!! म्हणून त्यात फक्त रजया, पाहुण्यांच्या गाद्या.

टोमणे_मोफत:
आणि ते इन्स्टावरचे एकसारखे पारदर्शक डबे मागवू नका. फोडणीचं तेल आणि रस्त्याची धूळ बसली की पंधरा दिवसात चिकट होतात, मग तुम्ही डबे पुसत बसा. ओट्याजवळ बंद कपाट आणि स्टीलचे डबे, बास. उघडी शेल्फ बाहेरच्या खोलीत, नऊ-दहा इंच खोल पुरे, त्यावर लेकीची पुस्तकं.

खिडकीतली_तुळस:
थँक्यू सगळ्यांना 🙏 भिंत पश्चिमेचीच निघाली, अहो आता गप्प आहेत. पण सुंदर दिसण्याचं कोणीच नाही सांगितलं. आणि घंगाळाचं काय करू? सासूबाई देणार नाहीत, आणि खरं तर मलाही द्यायचं नाहीये.

नायगावची_मावशी:
देऊ नकोस. चिंच-मिठाने लखलखीत कर आणि खिडकीपाशी ठेव, सणाला पाण्यात झेंडूची फुलं, एरवी त्यात लेकीचे खेळ. खोलीतली एकच वस्तू दिसायला ठेवायची, बाकी दाराआड. माझ्या मते शोभेच्या दहा वस्तूंपेक्षा मोकळी फरशी जास्त शोभते. पडदे आणि चादरी एकाच रंगाच्या कुळातल्या घे, आणि ती पांढरीफटक ट्यूब सोडून भिंतीला एक पिवळसर दिवा लाव, ३००० केल्विन लिहिलेला.

रंधा_आणि_पटाशी (पुणे):
मावशींना अनुमोदन. शिलाई मशीनला भिंतीवर फोल्डिंग फळी नको, हादऱ्याने बिजागऱ्या ढिल्या होतात. मशीन खिडकीखाली ठेवा, उजेडही मिळेल, आणि झाकण लावलं की तेच लेकीचं अभ्यासाचं टेबल. फक्त ग्रिलमधल्या बादल्या आणि रिकाम्या कुंड्या काढा, नाहीतर गुढी कुठे बांधणार? खिडकीची रुंदी आणि खालच्या कट्ट्याची उंची इथे टाका, टेबलचं माप काढून देतो.