वेताळवाडी, जंजाळा, घटोत्कच लेणी एका दिवसात? सोबत अण्णा आहेत

जालनेकर_मास्तर:
दरवर्षी सुट्टीत नाशिक-पुण्याकडचे किल्ले करतो. आपल्याच अजिंठा डोंगररांगेत मात्र लेण्यांपलीकडं कधी पाऊल टाकलं नाही, याची खंत वाटते. दिवाळीनंतर एका रविवारी जालन्याहून गाडीनं निघायचं म्हणतोय. सोबत १४ वर्षांचा भाचा आणि आमचे अण्णा. वय ६६, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. त्यांना कितपत चढवावं?

उंडणगावचा_भाचा:
सर, जमेल, पण पहाटेच निघा. भोकरदन, सिल्लोड करत उंडणगावला या. ते माझं आजोळ, म्हणून हक्कानं सांगतो. आधी वेताळवाडीचा किल्ला करा. उंडणगावच्या पुढं हळदा गाव आणि मग घाट लागतो. घाटातून अख्खा किल्ला समोर दिसतो, तिथूनच पायवाट निघते. अण्णांना हीच वाट बरी. पायथ्याच्या गावातून चढ जास्त आहे. दरवाज्यावरची शरभं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची शिल्पं, पोराला दाखवा. उत्तर टोकाला कमानींची बारादरी आहे, तिथं अण्णांना निवांत बसू द्या. खाली धरण, पलीकडं सोयगाव, मग खानदेश. मामा मला तिथं बसवून सांगायचा, "आपलं पठार इथं सरलं बघ."

मग अंभईवरून जंजाळा. गाव पठारावरच, त्यामुळं किल्ल्याला मोठा चढ नाही, पण त्याचा पसारा दमवतो. वेळ कमी पडला तर किल्ला आवरता घ्या, जवळची घटोत्कच लेणी सोडू नका. घटोत्कचच्या व्हरांड्यात वराहदेवाचा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपीत. हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणंही त्यानंच करवून घेतलं. तिथं गर्दीत त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. इथं दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या अक्षरांपुढं बहुतेकदा आपण एकटेच असतो. मी दरवेळी तिथं बराच वेळ थांबतो.

डोंगरवाट_परळी:
या डोंगरातल्या कपारींत आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा बिलकुल नको. एका कड्याखाली आमच्यातल्या एकानं विडी पेटवली आणि दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. दिवाळीनंतर गवत वाळतं, त्यावरून उतरताना पाय सटकतो; अण्णांच्या हातात काठी द्याच. पाणी घरूनच न्या, किल्ल्यावरच्या टाक्यातलं पिऊ नका.

जालनेकर_मास्तर:
मनापासून आभार. रात्री अण्णांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "किल्ले मागून बघू, आधी त्या वराहदेवाकडं चला."

उंडणगावचा_भाचा:
मग उलटं करा. सकाळी अंभईकडून लेणी, जंजाळा किल्ला पुढच्या खेपेला. ऊन कलल्यावर घाटात या. बारादरीत तासभर बसा, पण अंधाराआधी गाडीपाशी पोचा. आणि जेवण उंडणगावला आमच्या मामाकडं. बाजरीची भाकरी, ठेचा सांगून ठेवतो.