वस्तीतल्या आरोग्य संस्थेत पगारी माणसं आणि स्वयंसेवक, दोघांना एकत्र कसं ठेवता?

रामबाग_इंदूर लिहितात:

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमची एक छोटी आरोग्य संस्था आहे, बाणगंगेकडच्या वस्त्यांमधे काम चालतं. रविवारी बीपी-शुगरची तपासणी, टीबीच्या पेशंट लोकांचा पाठपुरावा, आणि कोणाला एमवाय किंवा एमआरटीबी या सरकारी हॉस्पिटलांत जायचं असेल तर सोबत माणूस देणं, मुख्य काम एवढंच. पगारी माणसं दोन. एक ताई रोज वस्तीत फिरतात आणि एक मुलगा अर्धा दिवस येऊन हिशोब आणि रजिस्टर बघतो. बाकी सगळे स्वयंसेवक, म्हणजे बँकेतून रिटायर झालेले काका, दोन-तीन काकू, कॉलेजची मुलं आणि रविवारी येणारे दोन डॉक्टर.

आधीच्या सेक्रेटरी काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि सगळं माझ्याकडे आलं. मागच्या मीटिंगमधे कमिटीतल्या दोघांनी विषय काढला की इतके स्वयंसेवक आहेत तर ताईंना पगार कशाला, देणगी देणारे पण विचारतात की आमच्या पैशातलं औषधात किती गेलं आणि पगारात किती. हे ताईंच्या कानावर गेलं. त्या काही बोलल्या नाहीत पण दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, रविवारी सगळे येतात, फोटो होतात, आणि सोमवारी रजिस्टर घेऊन दारोदार मीच जाते. तिकडे कॉलेजची मुलं म्हणतात आम्ही येतो तर कोणी काय करायचं ते सांगतच नाही, नुसतं बसून राहतो, म्हणून मग यायचंच बंद करतात. मला दोघांचंही पटतं आणि दोघांपैकी कोणीच जायला नकोय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, तुमच्याकडे कसं चालतं?

निवृत्त_लॅबवाला लिहितात:

ताई, मी बरीच वर्षं सरकारी लॅबमधे थुंकीच्या स्लाइडी बघितल्या आहेत, म्हणून टीबीपुरतं नीट सांगू शकतो, बाकीच्यांवर इतर लोक सांगतील.

साध्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा. पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. आता होतं काय की महिना-दीड महिन्यात खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते, वजन थोडं वाढतं, आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो, त्यात तो मजूर असेल तर कामावर परत जायची घाई असतेच. तिथेच गोळ्या सुटतात. अर्धवट सुटल्या की आजार उलटू शकतो आणि तोही औषधाला दाद न देणारा होऊ शकतो, मग तो उपचार लांब पण आणि त्रासाचा पण. म्हणजे हे सगळं काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या त्या एका आठवड्यावर अडलेलं असतं जेव्हा पेशंट दार उघडत नाही. त्या आठवड्यात जो माणूस त्याच्या दारात उभा राहील तो तुमची संस्था. आणि तो मंगळवारी दुपारी उभा राहावा लागतो, रविवारी नाही.

अजून एक, आपल्या इंदूरात बांधकामावर झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची कितीतरी कुटुंबं आहेत. होळीच्या आधी भगोरियाचे आदिवासी मेळे लागले की ती सगळी गावाला जातात आणि गोळ्यांची पाकिटं इथे खोलीत राहतात. ज्या बाईला वस्ती माहीत आहे ती दोन आठवडे आधीच विचारते, कधी निघताय, किती दिवस, कोणत्या गावाला, आणि तेवढी औषधं सोबत द्यायला लावते, आणि कोणी तिकडेच राहणार असेल तर निक्षय पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या टीबी पेशंटच्या ऑनलाइन नोंदीत, तिकडच्या केंद्राला ट्रान्सफर करायला सांगते. हे स्वयंसेवकाला कसं कळणार? त्याचा दोष नाही, तो तिथे रोज नसतो.

कमिटीला पगाराबद्दल काही सांगायचं असेल तर हेच सांगा.

पळशीकर_कॉलनी लिहितात:

मी थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नका. आमच्या वेळी गिरण्यांच्या भागात आम्ही लोकांनी कित्येक वर्षं फुकट दवाखाना चालवला, कोणी एक रुपया घेतला नाही. ज्याला सेवा करायची तो वेळ काढतोच. एकदा पगार आला की हजेरी आली, सुट्टी आली, वाढ मागणं आलं. मला वाटतं पगारी माणूस ठेवायचा तर ऑफिसपुरता ठेवा, वस्तीत जाणारे मनापासून जाणारेच हवेत.

दारोदार_फिरणारी लिहितात:

काका, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून उत्तर देतेय. मी स्वतः पगारावर हेच काम करते, इंदूरातच, दुसऱ्या संस्थेत. मनापासून जाणारे आणि पगार घेणारे ही दोन वेगळी माणसं नसतात हो. माझ्या घरी भाडं आहे, मुलीची फी आहे. मी पगार घेतला नाही तर चार घरची पोळ्या-भाजीची कामं धरावी लागतील आणि मग वस्तीत जाणं उरलेल्या वेळात होईल. पगार मिळतो म्हणून माझा अख्खा दिवस पेशंटचा आहे.

बाहेरून दिसत नाही असं किती काम असतं ते सांगते. टीबीच्या पेशंटला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला पैसे मिळतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते थेट खात्यात येतात. पण खातं बंद पडलेलं असतं, आधार जोडलेलं नसतं, नवऱ्याच्या नावावर असतं, कधी नुसती केवायसी राहिलेली असते. बँकेत घेऊन जाणं, परत पाठवलं की परत जाणं, हे माझं काम. नवीन पेशंटला आधीच सांगून ठेवणं की या गोळ्यांनी लघवी नारिंगी होईल, घाबरू नको, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरून बंद करतात. घरातल्या बाकीच्यांची, खास करून लहान मुलांची तपासणी करून घेणं. आणि आशा ताईंशी जमवून घेणं, कारण वस्ती आधी त्यांची आहे. त्यांना सरकारकडून बऱ्याच कामांचे कामागणिक पैसे मिळतात, आपण मधे घुसून त्यांचं काम आपल्या नावावर दाखवलं तर त्यांचं नुकसान होतं आणि मग कोणी आपल्याला दारात उभं करत नाही.

स्वयंसेवक मला हवेच आहेत, पक्कं सांगते. आमच्याकडे एक काकू आहेत, गुडघ्यामुळे वस्तीत येऊ शकत नाहीत. त्या घरून दर बुधवारी पेशंटना फोन करतात, गोळ्या घेतल्या का, पोटात जळजळ होते का, डोळे पिवळे दिसतायत का, आणि काही वाटलं तर लगेच मला कळवतात. त्यांच्या आवाजाची पेशंट वाट बघतात हो. ज्या दिवशी त्या फोन करतात त्या दिवशी मी ज्यांच्याकडे खरंच जायला पाहिजे अशा घरीच जाते. हे स्वयंसेवकांनी केलेलं काम आहे आणि त्याने माझं ओझं अर्धं होतं. फक्त ते ठरलेलं असतं, वार ठरलेला, यादी ठरलेली. जे कधीही येतात आणि "सांगा काय करू" म्हणतात त्यांना शिकवण्यातच माझी सकाळ जाते.

आणि फोटोंबद्दल. टीबी असलेल्या पोरीचा फोटो ग्रुपवर गेला तर तिचं लग्न अडतं. आमच्याकडे पेशंटचा चेहरा आणि नाव कोणत्याच व्हॉट्सअपवर जात नाही, डॉक्टरसाहेबांच्याही नाही.

पळशीकर_कॉलनी लिहितात:

ताई, आधारचं आणि खात्याचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या वेळी औषध दिलं की काम संपायचं. रामबाग ताई, तुमच्याकडे बँकेतून रिटायर झालेले काका आहेत ना, खात्याची कामं त्यांनाच द्या. ते शाखेत गेले तर मॅनेजर उठून बोलेल.

हिशोबनीस लिहितात:

पगाराच्या मुद्द्यावर थोडं हिशोबाचं बोलतो, कारण अशा संस्थांचं ऑडिट माझ्याकडे असतं.

देणगीदार जेव्हा "प्रशासकीय खर्च" म्हणतात तेव्हा ते सगळे पगार त्यातच धरतात, आणि संस्थापण तसंच छापतात, इथेच गडबड होते. तुमच्या ताई वस्तीत जाऊन पेशंटचा पाठपुरावा करतात तर त्यांचा पगार हा कामाचाच खर्च आहे, गोळीसारखाच. कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकामावर करायच्या खर्चाचे नियम बघा. २०१३ च्या कंपनी कायद्यात ठराविक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्च करायला सांगितलेत, आणि प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारासाठी आहे, एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं हा खर्च त्यात धरतच नाहीत. पीथमपूरची एखादी कंपनी "पगाराला पैसे देता येत नाहीत" म्हणाली तर शांतपणे हे दाखवा. प्रस्तावात "पगार" असं एका ओळीत लिहू नका, "टीबी पेशंटचा घरोघरी पाठपुरावा, एक पूर्णवेळ कार्यकर्ती" असं लिहा, आणि ती महिन्याला किती घरी जाते ते रजिस्टरमधून काढून द्या. जे खरं आहे तेच लिहायचं, फक्त नीट लिहायचं.

दुसरं, स्वयंसेवकांना "मानधन" द्यायची पद्धत असते, दर महिन्याला ठरलेली रक्कम आणि ठरलेले तास. तसं असेल तर तो स्वयंसेवक राहिला नाही, तो कमी पगाराचा नोकर झाला. त्यापेक्षा रिक्षाभाडं, फोनचं रिचार्ज पावतीवर द्या. कॉलेजच्या मुलाला मुसाखेडीहून बाणगंगेला यायचा खर्च खिशातून करायला लावणं बरोबर नाही, बहुतेक मुलं यायची थांबतात ती याच कारणाने, आणि सांगत नाहीत. आणि ताईंचा पगार किमान वेतनाच्या खाली असेल तर तो विषय आधी, बाकी सगळं नंतर.

एमजीएम_हॉस्टेल लिहितात:

मी मेडिकलला आहे, रविवारच्या कॅम्पला जातो. मुलं बसून राहतात कारण सगळ्यांना शुगर टोचायची असते आणि बाकी काम कोणाला काम वाटत नाही. खरं तर टोचणं ज्याला शिकवलंय त्यानेच करावं. प्रत्येकाला नवीन लॅन्सेट (बोटाला टोचायची सुई), वापरलेली सुई लगेच पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या बायोमेडिकल कचऱ्याच्या नियमात असे कॅम्पपण येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जो सुई हाताळतो त्याचे हिपॅटायटिस बी चे डोस झालेले हवेत, तीन डोस असतात, शेवटचा सहाव्या महिन्यात.

बीपी मात्र कोणीही नीट शिकू शकतं आणि तिथे मुलांची खरी गरज आहे. आलेल्या माणसाला ५ मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बाहीवरून पट्टा नाही, हात छातीच्या उंचीवर. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी घेतली का ते विचारायचं. मिनिट-दोन मिनिटांनी परत मोजायचं. हे एका डॉक्टरला शंभर लोकांबरोबर करता येत नाही, म्हणून तो घाईत मोजतो आणि आकडा चुकतो. पाच मुलं लावली तर होतं. आणि रांगेतच एकाने विचारायचं की काय खाऊन आलात, आपल्याकडे रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन येऊन लोक सांगतात उपाशी आहे, मग त्या शुगरचा काय उपयोग. ज्याचा आकडा १४०/९० च्या वर आला त्याचं नाव त्याच दिवशी ताईंच्या वहीत गेलं पाहिजे, कारण एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही, परत मोजावं लागतं. कॅम्प तिथेच सोमवारशी जोडला जातो.

एक विनंती, आमच्या परीक्षा, दिवाळी आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, हे धरून वेळापत्रक करा. आम्ही आधी सांगू शकतो, विचारलं तर.

रामबाग_इंदूर लिहितात:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मी ताईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. भगोरियाचं ऐकून त्या म्हणाल्या, हे बघा, हेच मी सांगत होते. काम वाटायचं ते ताईच ठरवतील असं ठरलंय, कोणत्या स्वयंसेवकाला कोणता वार आणि कोणती यादी, आणि मी फक्त कमिटीसमोर त्यांच्या बाजूने उभी राहणार. बँकेतल्या काकांना खात्यांचं काम सांगितलं तर ते इतके खूश झाले, म्हणाले आजपर्यंत मला नुसत्या खुर्च्या लावायला सांगत होते. हिशोबनीस दादा, प्रस्ताव तुम्ही म्हणता तसा परत लिहितेय.

एकच राहिलं. बुधवारच्या फोनसाठी दोन काकू तयार आहेत पण त्यांना भीती वाटते की पेशंट काही गंभीर बोलला तर काय उत्तर द्यायचं. दारोदार ताई, तुमच्या काकूंना तुम्ही काय सांगून ठेवलंय?

दारोदार_फिरणारी लिहितात:

एका कागदावर चार गोष्टी लिहून फोनजवळ चिकटवल्यात. थुंकीत रक्त, डोळे पिवळे, सारखी उलटी, डोळ्यांना अंधुक दिसणं. यातलं काहीही ऐकलं तर गोळी घ्या किंवा बंद करा असं काहीच बोलायचं नाही, "मी ताईंना आत्ता लावते" एवढंच म्हणायचं आणि मला फोन. मी उचलला नाही तर डॉक्टरांना, तो नंबरपण त्याच कागदावर. आणि गोळ्या सोडल्या असं पेशंट म्हणाला तर रागवायचं नाही, का सोडल्या ते विचारायचं आणि तसंच लिहून घ्यायचं, रागावलं की पुढच्या वेळी खोटं सांगतात. पहिले दोन बुधवार मी त्यांच्या शेजारी बसले होते, तुमच्या ताईंना पण बसवा.