निष्णात, जाणकार की अष्टपैलू?

प्रश्न : कायद्याच्या भाषांतरासाठी एका जागेची जाहिरात लिहायची आहे. कायदा पक्का हवा; शिवाय एआयने केलेले मसुदे तपासणे, संपादन, थोडे डीटीपी. इंग्रजीत अशा माणसाला 'टी-शेप्ड' म्हणतात : उभा दांडा खोलीचा, आडवा व्याप्तीचा. 'अष्टपैलू' चालेल का?

— नको. अष्टपैलूत सगळे पैलू सारखेच घासलेले असतात. 'हरहुन्नरी' हातच्या कलांकडे झुकतो. 'बहुश्रुत' माणसाने पुष्कळ ऐकले-वाचलेले असते, पण त्याला काम येतेच असे नाही.

— 'चतुरस्र'?

— तिथेही खोली येत नाही. आणि लिहिलात तर 'चतुरस्त्र' होऊ देऊ नका. अस्र म्हणजे कोपरा, चार अस्त्रांचा काही संबंध नाही.

— एका शब्दाचा हट्ट कशाला? 'कायद्यात निष्णात, संपादन व डीटीपीचे जाणकार' असे लिहा. निष्णातला सप्तमी लागते. 'तज्ज्ञ' हवा असेल तर 'विधितज्ज्ञ', आणि त्यातला 'ज्' गाळून 'तज्ञ' करू नका : तत् + ज्ञ.

— एवढा काथ्याकूट का, तर 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 25 पाहा. 'कन्सिडरेशन'शिवायचा करार, काही अपवाद सोडता, 'व्हॉइड' ठरतो. यंत्राच्या मसुद्यात त्याचे 'विचाराविना केलेला करार रद्द' झाले, तर वाक्य गुळगुळीत असते आणि भाषेचा जाणकार पुढे सरकतो. कायद्यात निष्णात असलेला तिथेच अडतो, कारण खरेदीखतात त्या जागी 'मोबदला' असतो. 'व्हॉइड' आणि 'व्हॉइडेबल' या दोन्हींना 'रद्द' लिहिले तर घोळ आणखी मोठा. पहिल्याला कायद्याचे बळच नसते. दुसरा, ज्या पक्षाला तो अधिकार आहे त्याने मोडेपर्यंत चालू राहतो. व्याप्ती यंत्र बरीचशी पुरवते, ही चूक मात्र पकडेलच असे नाही. म्हणून मुलाखतीत असा एक पानभर सदोष मसुदा द्या आणि प्रत्येक दुरुस्तीचे कारण लिहून मागा. नुसती दुरुस्ती अंदाजानेही जमते.

— 'जाणकार' जपून वापरा. गाण्याच्या जाणकाराला गाता येतेच असे नाही, त्याला पारख असते. संपादनाला ते एक वेळ चालेल. डीटीपी स्वतः करायचे असेल तर सरळ 'डीटीपी करता यावे' लिहा, नाहीतर पाने जुळवायला दुसरा माणूस शोधावा लागेल.