मदत हवी आहे: पितृत्व चाचणीचा अहवाल चुकीचा निघाला, जबाबदारी कोणाची?

नमस्कार मंडळी,

दादाच्या वतीने विचारतोय. वर्षभरापूर्वी त्याने वहिनीला न सांगता पितृत्वाची डीएनए चाचणी करवली. किट घरी मागवलं, स्वतःच्या आणि मुलाच्या गालाच्या आतून त्यानेच बोळे फिरवले, लिफाफे पाठवून दिले. (हा उपद्व्याप का केला ते कृपया विचारू नका, आमचं विचारून झालंय.) अहवाल आला: १६ पैकी ७ मार्कर (डीएनएवरच्या तपासायच्या ठरावीक जागा) जुळत नाहीत, पितृत्वाची शक्यता शून्य. वहिनी मुलाला घेऊन निघून गेली.

पुढे तिच्याच आग्रहावरून दुसऱ्या प्रयोगशाळेत, ओळखपत्रं दाखवून, साक्षीदारासमोर नमुने दिले. ९९.९९ टक्के, बाप दादाच.

मी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून आकडे ताडले. दादाचे दोन्हीकडे तेच. मुलाचे मात्र वेगळे, म्हणजे पहिल्या वेळी नमुना भलत्याच कुणाचा तरी तपासला गेला. प्रयोगशाळा म्हणते, लिफाफे तुम्हीच बंद केलेत, अदलाबदल तुमच्याकडेच झाली असेल.

पण अमेलोजेनिन या लिंग दाखवणाऱ्या मार्करपुढे मुलाच्या रकान्यात चक्क 'एक्स, एक्स', म्हणजे मुलगी, छापलंय! अर्जावर दादाने 'मुलगा' लिहिलं होतं. अदलाबदल कुठेही होवो, हे बघून अहवालावर सही झालीच कशी?

आता फी परत देतो म्हणतात, कारण अर्जात 'आमची जबाबदारी फीपुरतीच' अशी अट आहे. एवढ्या निष्काळजीपणापुढे ती टिकते का? आणि सगळ्यात जास्त भोगलं वहिनीने, जिची त्या अर्जावर सहीच नाही. तिला दावा करता येईल का?

प्रतिसाद:
अट टिकेल की नाही, दावा करायची मुदत कधीपासून मोजायची, हे तुमच्याकडच्या कायद्यावर ठरेल, वकिलालाच विचारा. वहिनींचा दावा करारावर नाही, निष्काळजीपणावर उभा करावा लागेल. तिथे सही लागत नाही, पण काळजी घेण्याचं कर्तव्य त्यांच्या बाबतीतही होतं आणि नुकसान त्या अहवालामुळेच झालं, हे दाखवावं लागतं. दादाने चोरून नमुना घेतला, हे समोरचा वकील उगाळणारच. आधी एक करा: उरलेले बोळे, लिफाफे, मशीनचे मूळ आलेख जपून ठेवा अशी लेखी नोटीस पाठवा. नमुने कायम ठेवत नाहीत. आणि फी परत घेताना 'तक्रार मिटली' असल्या कागदावर सही नको.

धागाकर्ता:
बाप रे. तो कागद कालच ईमेलने आलाय. दादाला फोन लावतो.