संध्याकाळ करायला जातो आणि नुसती नारिंगी दिसते, काय करू?

विंगेतला
नाटकातल्या एका लांब प्रवेशात संवाद चालू असतानाच संध्याकाळची रात्र व्हायची आहे, मध्ये ब्लॅकआउट नाही. सगळ्या लाइटना नारिंगी जिलेटीन (लाइटपुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावून हळूहळू डिम करतोय पण व्होल्टेज गेल्यासारखं वाटतं. खऱ्या आकाशात नक्की काय होतं?

निळी_सावली
सगळीकडे नारिंगी, तिथेच घोळ आहे. आकाशात लाइट दोन असतात, सूर्य आणि बाकीचं आकाश. मावळतीचं ऊन हवेतून बरंच लांबून येतं, वाटेत निळा विखरून जातो आणि ते रंगाच्या मापात २००० केल्विनच्या आसपास, म्हणजे पार नारिंगीवर उतरतं, पण सावलीत उजेड पडतो तो वरच्या निळ्या आकाशाचा. त्या वेळी पांढऱ्या भिंतीवरची सावली नीट बघ, काळी नसते, चक्क निळसर असते. म्हणून नारिंगी फक्त एका विंगेतून, जवळजवळ आडवा, आणि वरून फिकट निळा, अगदी थोडा. आधी नारिंगी काढ, निळा राहू दे, तो मागाहून उतरव. दोन्ही एकाच फेडरवर (लाइट कमी-जास्त करायच्या दांडीवर) ठेवलेस तर परत तेच होणार.

डिमरवाला
+१. शिवाय हॅलोजन डिम केला की आपोआप लालसर होतो, सूर्याला झकास, पण निळं जिलेटीन लावलेला हॅलोजन खाली आणलास की मळकट दिसतो, तिथे एलईडी वापर. मागे सायक्लोरामा (आकाश दाखवायचा मोठा पडदा) असेल तर तो सगळ्यात शेवटी विझव. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत आकाशात बऱ्यापैकी उजेड असतो, तेव्हा पडदा उजळ आणि नट काळपट हेच खरं दिसतं.

विंगेतला
भारी! मग रात्री चांदणं गडद निळं ना?

निळी_सावली
नको रे. चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच, मोजलं तर दुपारच्या उन्हापेक्षा जरा पिवळटच भरतं. कमी उजेडात आपल्या डोळ्यांना लाल कमी आणि निळं जास्त जाणवतं, बाकी रंग उडतात. त्यामुळे करडा, उडालेला निळा घे. गडद निळ्यात चेहरे आजारी दिसतात (हे माझं मत, भांडायला तयार आहे).

डिमरवाला
भांडत नाही, पण शेवटच्या रांगेतल्याला नटाचे डोळे दिसायला हवेत. आधी चांगला अंधार कर, लोकांची नजर सरावली की समोरचा लाइट इतका हळू चढव की कुणाला कळणारही नाही.

विंगेतला
करून बघतो. आडव्या लाइटचा स्टँड कुठे ठेवायचा तेवढंच बघायचंय, आमच्या नायिकेची एंट्री नेमकी त्याच विंगेतून आहे.