मदत हवी आहे: कर्करोग तपासणी लोकसेवा हक्क कायद्यात बसवता येईल का?

नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यातले बचत गट मिळून आमदारांना निवेदन देणार आहेत आणि मसुदा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कायद्यातलं कळणाऱ्यांनी जरा हात द्यावा.

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करावी, अशा केंद्राच्या सूचना 2016 पासून आहेत. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, शिबिरंही होतात. घोडं अडतं ते पुढे. व्हीआयएमध्ये, म्हणजे व्हिनेगरसारखं औषध लावून बघतात त्यात, पांढरा डाग दिसला की हातात चिठ्ठी: 'पुढील तपासणीसाठी पाठवले'. कधी जायचं, कोणाला भेटायचं, बायोप्सीचा (तुकडा काढून करतात त्या तपासणीचा) रिपोर्ट किती दिवसांत, यातलं काहीच नाही. आमच्या गटातल्या एकीच्या चिठ्ठीवर तर सहीसुद्धा नव्हती. रोज बुडवून गेली, तर "मशीनवाल्या मॅडम आज नाहीत". परत गेलीच नाही ती. जनआरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो सगळं बसतं, पण ते आजार निघाल्यावर.

खेड्यात हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. आपल्याच जिल्ह्यात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले: एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी एकदाच केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून व्हीआयए करून घेतलं, तिथे हे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. डाग निघालेल्या बाईचा पाठपुरावा दोन्हीकडे होत होता, आमच्याकडे नेमका तोच नाही.

आता प्रश्न. आधी वाटलं होतं, आमदारांना अशासकीय विधेयकच, म्हणजे सरकारऐवजी एखादा आमदार स्वतः मांडतो ते, आणायला सांगावं. पण सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर राज्यघटनेच्या कलम 207(3) प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते, म्हणजे सरकारच्या मनात नसेल तर ते तिथेच बारगळणार. त्यापेक्षा 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम बरा वाटतो. त्यात खात्याने सेवा अधिसूचित केली की मुदत ठरते, पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला अधिकारी, ठरतो, अपील करता येतं आणि विनाकारण टाळाटाळ केली तर 500 ते 5000 रुपये दंड. दाखले मुदतीत मिळतात, तर 'संशयित' शेरा पडलेल्या बाईची पुढची तपासणी आणि रिपोर्ट मुदतीत का नको? वैद्यकीय सेवा अशी अधिसूचित करून घेण्याचा कोणाला अनुभव आहे का? डॉक्टर मंडळींनी हेही सांगा, की बायोप्सीसाठी किती दिवसांची मुदत मागितली तर ती हास्यास्पद ठरणार नाही?

राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. तिकडे राहणाऱ्या कोणी तो वापरून पाहिलाय का?

'जनजागृती करा' हा सल्ला कृपया नको, बायका शिबिराला येतातच. निवेदन अधिवेशनाआधी द्यायचंय, तेव्हा अशा मागणीचा मराठी नमुना कोणाकडे असेल तर इथेच टाका.