ट्रॅकवर ऑइल आणि कूलंट तापते : ऑइल कूलर घ्यावा की मोठा रेडिएटर?

प्रश्न :
चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर मी माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक चालवतो. पहिले काही लॅप सुरळीत जातात. त्यानंतर ऑइल 135 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि पाठोपाठ कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) 108 पर्यंत चढते. इंजिनात बदल केलेले नाहीत, ऑइल 5डब्ल्यू-30 (घट्टपणाची श्रेणी) आहे आणि ते थंड करण्यासाठी कूलंटवर चालणारा मूळचा हीट एक्स्चेंजरच आहे. आधी काय बदलावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गाडी रोज कामावरही न्यावी लागते.

प्रतिसाद 1 :
आपल्या गाडीत ऑइलची उष्णता कूलंटमध्येच उतरते. त्यामुळे ऑइल आधी आणि कूलंट मागाहून चढत असेल, तर ती उष्णता थेट हवेत सोडणारा ऑइल कूलर हाच योग्य मार्ग आहे. मात्र काहीही विकत घेण्यापूर्वी बंपर उतरवून पाहाच. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये माती, किडे आणि सुकलेली पाने गच्च बसलेली असतात, कडेचा फोम झिजलेला असतो, आणि मग समोरून आलेली हवा रेडिएटरच्या जाळीतून जाण्याऐवजी बाजूने निसटते. त्या फटी बुजवायला खर्च जवळपास नाही.

कूलर घ्याल तो थर्मोस्टॅट (ऑइल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी झडप) असलेल्या सँडविच प्लेटसह, म्हणजे इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणाऱ्या जोडणीच्या चकतीसह घ्या, नाहीतर रोजच्या वापरात ऑइल पुरेसे तापणार नाही आणि त्यात मिसळलेले पाणी व पेट्रोल उडून जाणार नाही. कूलरकडे हवा येण्याची वाट सगळेच करतात. ती बाहेर पडण्याची वाटही तितकीच आवश्यक आहे. कमी तापमानाला उघडणाऱ्या कूलंट थर्मोस्टॅटवर पैसे घालवू नका, कारण त्याने रेडिएटरची क्षमता तसूभरही वाढत नाही.

प्रतिसाद 2 :
वरील मताशी सहमत आहे. कूलर बसेपर्यंत ऑइलने 130 गाठले की वेग उतरवा, गिअर लवकर वर टाका आणि एक संथ लॅप पूर्ण करूनच आत या. टर्बो तापलेला असताना इंजिन लगेच बंद करू नका. मॅन्युअलमध्ये परवानगी असल्यास तापल्यावर अधिक घट्ट राहणारे 5डब्ल्यू-40 घाला, कारण इतक्या उष्णतेत पातळ ऑइलचा दाब उतरतो.

कूलंट टाकीचे झाकणही बदला. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण झाकणाच्या दाबामुळे साधारण 130 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण दाब धरत नसेल, तर तेच मिश्रण आपण सांगितलेल्या 108 च्या आसपास उकळू लागते.